चार घाव आणि एक मोकळा

आमच्या रेल्वे कॉलनीत गावाकडून आलेली पत्रं वाचून दाखवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. बिलासपूर आमच्या मुलखापासून फार लांब. मराठी बोलणाऱ्या चार-पाचजणी होत्या, पण अक्षर येणारी मी एकटी. माझीही शाळा सातवीत सुटलेली. तरी पत्र आलं की बायका ते पदराखाली झाकून माझ्या दारात यायच्या. मी कागद फरशीवर पसरायचे, बाईला शेजारी बसवायचे आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचायचे. एकदा साताऱ्याकडची एक बाई वैतागून म्हणाली, "अहो ताई, मला काय बिगरीत बसवलंय का? भरभर वाचा की! म्हस व्याली का नाही, तेवढं सांगा."

मी हसले, पण बोट उचललं नाही. मी एकही शब्द गाळत नाही हे तिला डोळ्यांनी दिसायला हवं होतं. तिला त्याची गरज नव्हती. मला होती.

त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता लिहिते आहे, तेही भीतभीतच.

आमचं घर मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या काठावर. पुढे माड, मागे भाताचे दोन कुणगे. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई आणि मी. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा दादा मुंबईला कारखान्यात होता. गावच्या दहा-बारा बाप्यांबरोबर एका खोलीत पथारी टाकायचा आणि वर्षातून एकदा घरी यायचा. मी सहावी पास झाले तेव्हा त्याने माझी वेणी ओढून सांगितलं होतं, "फायनल पास हो गो. मगे तुका मुंबयक न्हेतंय. थंय चेडवांचा हायस्कूल आसा." फायनल म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा. ते वाक्य मी जपून ठेवलं. शेणी थापतानासुद्धा मी मुंबईच्या मुलींच्या हायस्कुलात बसलेली असायचे.

त्याच वैशाखात दादाचं लग्न झालं. मुंबईसह महाराष्ट्र व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. वहिनी शिरोड्याची, सोळा वर्षांची. मी चौदा. पंधरा दिवसांनी दादा बोटीने परत गेला, आणि घरात एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन मुली राहिल्या.

भांडायला आम्हाला कारण लागायचं नाही. फणी आधी कुणाची, विहिरीवर कळशी कुणी नेली, दादाच्या पत्रात कुणाचं नाव आधी आलं. तिच्या हातून आमटीत मीठ जास्त पडायचं. मी म्हणायचे, "शिरोड्याच्या मिठागरातसून इली ना, खारटच आसतली."

ती ऐकून घेणारी नव्हती. "खारट आसंय म्हणान टिकतलंय. तू अळणी. दोन दिवसांत नासतलंस."

आई भांडण सोडवायची नाही. कोण बरोबर आणि कोण चूक, हे तिने कधी विचारलं नाही. ती फक्त दोघींचं मिळून एक काम काढायची. धुतलेली गोधडी पिळायला द्यायची. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने समोरचं. दोघींनी आपापल्या उजवीकडे वळवलं तर पीळ बसतो. एक उजवीकडे आणि दुसरी डावीकडे गेली तर गोधडी नुसती जागच्या जागी लोळते आणि थेंबभर पाणी गळत नाही. आम्ही रागाच्या भरात हमखास उलटसुलट वळवायचो. पायरीवर बसून आई म्हणायची, "पिळा, पिळा. उन्हान सुकली तरी पिळा." शेवटी दोघींपैकी कुणीतरी हसायची, आणि मग हात आपोआप जुळायचे.

"एकटीचा काम कोणय करीत," ती म्हणायची. "दोघींचा काम शिकूचा लागता."

सगळ्यात कठीण दोघींचं काम म्हणजे पोहे कांडायचं.

आमच्याकडे दिवाळीतला मोठा दिवस चावदीस, म्हणजे नरकचतुर्दशी. पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडायचं आणि मग नव्या भाताचे पोहे खायचे. गुळाचे, दुधाचे, तिखट, ताकातले. ते विकत आणायची रीत नव्हती. घरचं भात भिजवून, निथळून, खापरात भाजायचं आणि गरम आहे तोवर कांडायचं. निवलं की पोहा होत नाही, कणी होते. आमच्या पडवीच्या जमिनीत दगडी उखळ पुरलेलं होतं, त्याला आम्ही व्हायन म्हणतो. व्हायनीच्या दोन बाजूंना दोघी मुसळं घेऊन उभ्या राहतात. एकीचं खाली येतं तेव्हा दुसरीचं वर जातं. तिसरी खाली बसून आतलं भात चाळवते, नाहीतर तळाला चिकटून त्याची पेंड होते. म्हणून चार घाव झाले की पाचवा मोकळा सोडायचा. दोघींची मुसळं वर थांबतात, तेवढ्यात खाली बसलेलीचा हात आत जाऊन बाहेर येतो. परत चार, परत एक मोकळा. तोंडाने मोजायला वेळ नसतो. समोरचीच्या श्वासावरून कळावं लागतं.

काही घरांत चाळवायला काठी घेतात. शेजारची काकी दर वर्षी आईला सांगायची, "काठी घे गो, काठी घे. हाताचो मोह नाय तुका?"

आई म्हणायची, "काठयेक ऊन-थंड काय कळता?"

त्या वर्षी चावदिशीला तीन दिवस होते. भात भिजत घातलेलं होतं, काकी सकाळीच भाजू लागायला आली होती, आणि पोस्टमनने दादाचं पत्र आणून दिलं. आई आणि वहिनी दोघींनाही अक्षर येत नव्हतं. घरातली पत्रं मीच वाचायची आणि मीच लिहायची. मी पडवीत उभी राहून मोठ्याने वाचलं: "आपल्या गावचे एक जण कायमचे घरी चालले आहेत. त्यांची अर्धी खोली मला मिळते आहे. कार्तिक संपायच्या आत उत्तर कळवावे म्हणजे हिला आणण्याची तजवीज करतो. बायचे पुढे बघू."

बाय म्हणजे मी.

वहिनीने कागद माझ्या हातातून घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. "खोली खंय लिवला आसा गो? माका दाखय."

मी बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला करून तिथे आपलं ठेवलं आणि काही वेळ तशीच उभी राहिली. काकी चुलीजवळून म्हणाली, "आता कांडतलास की खोलयेतच ऱ्हवतलास? भात करपता."

आई व्हायनीपाशी बसली. वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या. काकी आमच्याकडे पाठ करून खापर हलवत होती. पहिला घाणा नीट झाला. दुसराही झाला. वहिनीचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या घाण्याला, मुसळ वर असताना, ती धापेतच म्हणाली, "गो बाय, थंयसून तुका मी रिबनी धाडीन. तांबड्यो."

तिने चांगल्या मनाने म्हटलं. आता कळतं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की माझं हायस्कूल ती घेऊन निघाली आहे आणि बदल्यात मला रिबन देते आहे. माझे घाव जड पडायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला वहिनीचं मुसळ वर थांबलं. माझं आलं.

मुद्दाम आणलं का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तराची खात्री राहिली नाही. आईचा हात खाली आहे हे मनात नव्हतं, हे खरं. पण थांबायचं होतं आणि मी थांबले नाही, हेही खरं.

आई ओरडली नाही. तिने हात उचलून पदरात गुंडाळला आणि पदर लाल होत गेला. काकी आवाजाने वळली, "काय झाला गो? काय झाला?"

आई म्हणाली, "माझोच हात चुकलो. मोजूक इसारलंय."

आणि त्याच वेळी वहिनी म्हणाली, "नाय गे. माझा मुसळ सटाकला."

दोघीही खोटं बोलत होत्या. खरं मला माहीत होतं, आणि मी मुसळ धरून उभी होते.

वहिनीने आळ आपल्यावर का घेतला, हे मी पुढे तिला विचारलं. ती म्हणाली, "तुझा तोंड बघितलंय. वायच आणखी कोणी बोलला असता तर तू पडली असतंस." एरवी भांडायची ती, आणि त्या एका क्षणात तिने एवढं पाहिलं होतं.

काकीने मात्र जे ऐकलं ते धरलं. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, "नवी सून. चावदिशीच्या तोंडार सासूचा रगात काढल्यान." तरीतून खाडी ओलांडून आईला दवाखान्यात नेलं. हाडं जुळली, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. मूठ परत कधी वळली नाही. त्या दिवाळीला पोहे काकीच्या घरचे आले. वहिनीने आईला भरवले. ताटातले माझे तसेच राहिले.

चार दिवसांनी आईने मला कागद घ्यायला सांगितला. दादाला उत्तर द्यायचं होतं. ती पडवीत खांबाला टेकून बसली, हात मांडीवर, कोकरासारखा फडक्यात गुंडाळलेला. म्हणाली, "लिही, माझ्या हाताक लागला आसा, बरा होतला. सुनेक पौषात धाडतंय. खोली सोडू नको."

मी विचारलं, "कसा लागला म्हणान लिवू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "जसा झाला तसा लिही."

तिला माहीत होतं. मुसळ कोणत्या बाजूने आलं हे खाली बसलेलीला कळतंच. ती माझ्या तोंडून यायची वाट पाहत होती. तिची शिकवायची रीत तीच, काम हातात द्यायचं आणि वाट बघायची.

मी लिहिलं: "पोहे कांडताना वहिनीच्या हातून मुसळ सुटून आईची दोन बोटे मोडली. हात कायमचा गेला असे सर्व म्हणतात."

मग वाचून दाखवायची वेळ आली. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि न अडखळता वाचलं, "पोहे कांडताना आईचा हात चुकून मुसळाखाली आला. आता बरं आहे. खोली सोडू नये."

वहिनीने मान हलवली. आई म्हणाली, "इतक्याच? कागद भरलेलो दिसता."

"अक्षर मोठा काढलंय," मी म्हटलं.

दादाचं उत्तर मार्गशीर्षात आलं. मी ते आधी माडाखाली उभं राहून एकटीने वाचलं. "आईचा हात जिने घालवला तिला मी संसार मांडायला मुंबईस आणू काय? तिने केले, तिनेच निस्तरावे. आईचा हात म्हणून तिने घरी राहावे. खोली मी सोडली."

पडवीत येऊन मी वाचलं, "आईची काळजी वाटते. घरात माणूस हवं. म्हणून खोली सोडली."

वहिनीने कळशी उचलली आणि विहिरीवर गेली. घरात पाणी भरलेलं होतं.

माझी शाळा त्याच महिन्यात सुटली. कुणी सोड म्हटलं नाही. आईला चूल धरता येत नव्हती, कोयता धरता येत नव्हता, स्वतःचा अंबाडा बांधता येत नव्हता, आणि वहिनी एकटी किती करणार? एके सकाळी दप्तर न घेता मी कुणग्यात गेले आणि दुसऱ्या दिवशीही गेले. मास्तर एकदा दारापर्यंत येऊन गेले. मी मागीलदारी लपून राहिले. मला वाटत होतं की शाळा सोडली म्हणजे फिटलं. दोघींचं नुकसान सारखं झालं. चौदाव्या वर्षी असा हिशेब सुचतो. माझी शाळा गेल्याने तिची खोली परत येणार नव्हती.

शिमग्याला दादा आला. आठ दिवस राहिला. आईच्या हाताशी बसून राहायचा, आणि वहिनीने चहा आणून ठेवला की दुसरीकडे बघायचा. ती नवं लुगडं नेसली होती, तेही त्याने पाहिलं नाही. पाचव्या दिवशी खाडीवर कपडे धुताना तिने मला विचारलं, "गो बाय, तुझो दादा माझ्यावांगडा असो कित्याक वागता? माझा काय चुकला?"

त्या वेळी गोधडीचं एक टोक तिच्या हातात होतं आणि एक माझ्या. सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

मी म्हटलं, "दमलो आसतलो. कारखान्याचा काम."

"होय," ती म्हणाली. "दमलोच आसतलो." आणि तिने आपल्या उजवीकडे पीळ दिला.

दादा गेला. पावसाळा आला. आम्ही दोघींनी लावणी केली, दोघींनी कापणी केली. आईचे केस वहिनी विंचरायची आणि अंबाडा मी बांधायचे, कारण तिला तो घट्ट जमत नसे आणि मला गुंता सोडवण्याची सबुरी नव्हती. भांडणं थांबली होती. ज्या गोष्टीसाठी आई वर्षभर खपली ती झाली होती. आम्ही एकमेकींच्या श्वासावर कामं करायला लागलो होतो. फक्त ते सगळं एका खोट्यावर उभं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. ती मला प्रेमाने घास काढून ठेवायची आणि मी तो खायचे.

पुढची चावदीस आली. काकीने खापर मांडलं. आई येऊन व्हायनीपाशी बसली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा, धड राहिलेला, काठावर.

मी मुसळ उचललं नाही. "आये, काठी घे. नायतर मी कांडूचंय नाय."

"उचल."

"माका जमाचा नाय."

"माझो एकच हात ऱ्हवलो आसा," आई म्हणाली. "तो मी हंय घालतंय. उचल."

काकी या वेळी पाठ करून नव्हती. ती खापर सोडून आमच्याकडेच बघत होती. वहिनीने समोरून मला डोळ्यांनी खूण केली आणि तिने पहिला घाव टाकला. दुसरा माझा. तिसरा तिचा. चौथा माझा. मग दोघींची मुसळं वर, आणि आईचा हात आत जाऊन गरम पोह्यांसकट वर आला. त्या दिवशी आम्ही सात घाणे काढले. माझ्या अंगातून पाणी वाहत होतं. सातव्या घाण्याला आईने पोह्यांची मूठ नाकाशी नेली आणि म्हणाली, "झाले. बरे झाले."

दुपारी काकी गेल्यावर आम्ही तिघी सुपात पोहे पाखडत होतो. मी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. मुसळाचं आधी. वहिनी म्हणाली, "ता काय सांगतंस? माझ्या हातातला मुसळ वर होता, माका म्हायत नाय?" मग मी पत्राचं सांगितलं. मी काय लिहिलं, काय वाचलं. दादाने काय लिहिलं, मी काय वाचलं.

वहिनीचं सूप चालूच राहिलं. कोंडा उडत होता. बऱ्याच वेळाने ते थांबलं.

"म्हणजे तेका वाटता, मी आयेचो हात मोडलंय."

"होय."

"आणि वर्षभर तू माझ्या पानात जेवलंस."

आई भिंतीला धरून उठली आणि आत गेली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुसळाचं तिने वर्षभर पोटात ठेवलं होतं. पत्राचं तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने दोघींना बसवलं आणि ती माझ्याशी नाही, वहिनीशी बोलली. "माका मुसळाचा म्हायत होता. मी सांगूक होया होता. तिच्या तोंडान येवचा म्हणान मी थांबलंय. माझ्या थांबण्यान तुझी खोली गेली गो." सासू सुनेशी अशी बोलते हे त्याआधी मी ऐकलं नव्हतं. वहिनीने फक्त तिचा वाकडा हात आपल्या ओच्यात घेतला.

मग माझ्याकडे न बघता वहिनी म्हणाली, "ता पत्र परत लिही. जसा झाला तसा."

मी लिहिलं. वाचून दाखवायला लागले तर ती जवळ येऊन बसली. "बोट धर," म्हणाली. मी बोट धरलं. एकेका शब्दाखाली. पत्र संपलं तेव्हा म्हणाली, "परत वाच." दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, शब्द तेच येतात की नाही, हे ती पडताळून बघत होती.

दादाचं उत्तर महिन्याने आलं. चार ओळी. "झाले ते झाले. हिला सांगणे, माझा समज चुकीचा होता. आता खोली नाही. आईस जपावे." मी बोट धरून वाचलं. 'माझा समज चुकीचा होता' हे तिने तीनदा वाचायला लावलं. 'आता खोली नाही' हे एकदाच.

खोली पुढे दहा वर्षं मिळाली नाही. ज्यांची माणसं मुंबईला असायची त्यांना माहीत आहे, अशी जागा एकदा हातची सुटली की सुटली. त्या अर्ध्या खोलीत दुसऱ्या कुणाचा तरी संसार उभा राहिला. दादा वर्षातून महिनाभर यायचा, तिच्याशी नीट वागायचा, आणि जायचा. दोन मुलगे गावीच झाले. धाकटा बापाला बघून रडायचा. कोण हा बाप्या, म्हणून.

दादाच्या त्या पत्रानंतर काही दिवसांनी वहिनी कोळसा घेऊन माझ्यापाशी आली. पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बोट करून म्हणाली, "माका शिकव. माझा पत्र मीच वाचतलंय." मी म्हटलं, 'अ'पासून सुरू करू. ती म्हणाली, "नाय. आधी 'खोली' लिवूक शिकव." तिचा 'ख' कितीतरी दिवस फुटका यायचा. कामं आटपली की रोज दुपारी व्हायनीच्या कडेला बसून आम्ही गिरवायचो आणि संध्याकाळी ते सारवून टाकायचो. मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी तिला दिलं. सातवीच्या अलीकडचंच होतं ते. जास्त असतं तर तेही दिलं असतं.

अठरा सरता सरता माझं लग्न झालं. नवरा रेल्वेत. लग्नाच्या आठव्या दिवशी मला बिलासपूरला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. स्वयंपाकाची एक आणि बसायची एक. त्या दोन खोल्यांत पहिल्या दिवशी मी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नुसती चालत होते. नवऱ्याला वाटलं मला घराची आठवण येते आहे. माणूस भला, त्याने दाराशी नारळाचं रोप लावलं. ते त्या मातीत जगलं नाही.

दर दिवाळीला गावाहून पोह्यांची पुरचुंडी यायची. वहिनीच्या अक्षरात पत्ता. आत चिठ्ठी: आईचा डावा हात अजून चाळवतो. काकीची सून माझ्यासमोर उभी राहते. तिला मोकळा घाव कळत नाही, शिकवते आहे. तुझी आठवण येते. मी ते पोहे चार दिवस डब्यात ठेवायचे आणि मगच खायचे.

आई गेली तेव्हा मला पोचायला पाच दिवस लागले. त्यानंतर घरात जपायला कुणी उरलं नाही, आणि दादाला अखेर जागा मिळाली. वहिनी मुलांना घेऊन मुंबईला गेली. सोळाव्या वर्षी ज्या शब्दावर तिने बोट ठेवलं होतं तिथे ती सत्ताविसाव्या वर्षी पोचली. तिचं पहिलं पत्र आलं ते मी दारात उभ्या उभ्या वाचलं. नळ कुठे आहे, मुलांची शाळा कोणती, दादाला साखर कमी लागते हे तिला आत्ता कळलं, अकरा वर्षांनी. मग शेवटी, थोडं अंतर सोडून, हे होतं:

"यांची पेटी आवरताना जुनी पत्रे सापडली. तुझे ते पहिलेही सापडले. मी स्वतः वाचले. फाडणार होते, फाडले नाही. तुझे अक्षर तेव्हापासूनच चांगले होते. खोली लहान आहे पण दोन माणसे झोपतील एवढी जागा होते. तू ये."

मी फरशीवर बसले आणि ते पत्र परत वाचलं. बोट धरून, पहिल्या शब्दापासून.